टीएसएच ६.४, टी-३ ५८, अमिओडॅरोन चालू: हार्ट फेल्युअरच्या पेशंटला थायरॉक्सिन द्यावं का?

तालुका_ओपीडी:
पुरुष, वय ६८, वजन ६८ किलो, ईएफ (हृदय एका ठोक्यात बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण) ३० टक्के. दहा दिवसांपूर्वी फुप्फुसात पाणी साठलं म्हणून ॲडमिट होते, आता घरी आहेत. पायावर थोडी सूज, एक जिना चढला की दम. चालू औषधं: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५० दोन वेळा, मेटोप्रोलॉल २५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डॅपाग्लिफ्लोझिन १०, टॉर्सेमाइड २० (लघवीची गोळी), ॲसिनोकूमारॉल (रक्त पातळ करणारं). एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे अनियमित ठोके) अमिओडॅरोन २०० सहा आठवड्यांपासून.

टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की वाढतं) ६.४, थायरॉइडचीच संप्रेरकं फ्री टी-४ १.७ (लॅबची रेंज ०.८ ते १.८), टोटल टी-३ ५८ (८० ते २००). एचबी ११.४, फेरिटिन (लोहाचा साठा) ८६, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) १४ टक्के, पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.३.

थायरॉक्सिन (टी-४ ची गोळी) ५० सुरू करावी असं नातेवाइकांना कुणीतरी सांगितलंय. त्यांनी अशक्तपणासाठी एक बाटलीही आणली आहे, रोजच्या गोळीत झिंक ५० मिग्रॅ, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, बायोटिन १० मिग्रॅ. घरात आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणलंय. थायरॉइडचं काय करू? झिंक-सेलेनियमच्या तपासण्या सांगू का?

हृदय_फिजिशियन:
थायरॉक्सिन आत्ता देऊ नका. हे आकडे एकत्र वाचले तर ग्रंथी कमी पडतेय असं दिसत नाही.

टी-४ च्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात. बाहेरच्या कड्यावरचा एक निघाला की टी-३ होतो, तो काम करतो. आतल्या कड्यावरचा निघाला तर रिव्हर्स टी-३ होतो, तो निकामी. हृदय थकलेलं असताना पहिलं काम मंदावतं आणि दुसरं वाढतं, म्हणून टी-३ घसरतो. जितका आजार जास्त तितका टी-३ कमी, आणि असे पेशंट पुढे जास्त बिघडतात हेही खरं. पण म्हणून टी-३ वरून दिल्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. टी-३ शी साधर्म्य असलेलं डिटपा नावाचं औषध हार्ट फेल्युअरमध्ये वापरून पाहिलं होतं. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा पेशंटना ते सोसलंच नाही असं दिसलं: वजन घटलं, थकवा वाढला.

त्यात अमिओडॅरोन. २०० मिग्रॅच्या एका गोळीत साधारण ७५ मिग्रॅ आयोडीन असतं आणि त्यातलं ६ ते ७ मिग्रॅ रोज शरीरात सुटं होतं. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे चाळीस पटींहून जास्त झालं. शिवाय टी-४ चा टी-३ करणाऱ्या एन्झाइमलाच ते अडवतं. पहिले तीन महिने टीएसएच थोडा चढलेला, टी-४ वरच्या बाजूला आणि टी-३ खाली असं चित्र या औषधावर अपेक्षितच असतं. आजारातून सावरतानाही टीएसएच काही काळ वर जातो, कधी कधी २० पर्यंत. तुमच्या पेशंटमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू आहे.

मला जास्त काळजी लोहाची वाटते. फेरिटिन १०० च्या खाली, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या व्याख्येनुसार लोह कमीच. १०० ते २९९ मध्ये असतं तर सॅच्युरेशन २० च्या खाली आहे का ते बघावं लागलं असतं, इथे तेही १४ आहे. एचबी ११.४ आहे म्हणून 'किरकोळ ॲनिमिया' म्हणून सोडू नका. हृदयाच्या स्नायूला स्वतःला लोह लागतं, एचबी नॉर्मल असलेल्यांनाही सलाइनमधून लोह दिल्यावर दम आणि थकवा कमी होतो.

लॅब_बेंच:
सर, फ्री टी-४ वर भिस्त ठेवण्याआधी एक विचारायला हवं. बाटली सँपलच्या आधी सुरू झाली होती का? रोज १० मिग्रॅ बायोटिन असेल आणि लॅबचं मशीन स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिन पद्धतीचं असेल, तर टीएसएच खोटा कमी येतो, आणि फ्री टी-४ व टी-३ खोटे जास्त. म्हणजे खरा टीएसएच ६.४ पेक्षा बराच वर असू शकतो आणि १.७ हा दिलासा फसवा ठरू शकतो. बाटली तीन दिवस बंद ठेवून सँपल पुन्हा घ्या. वॉर्डात हेपरिन चालू असताना घेतलेलं सँपल असेल तर तेही धरू नका, त्यातही फ्री टी-४ खोटा वाढतो.

झिंक-सेलेनियम सांगायचंच असेल तर सकाळी उपाशीपोटी, ट्रेस एलिमेंटसाठीच्या गर्द निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनच झिंक मिसळतं. सँपल हिमोलाइज झालं (लाल पेशी फुटल्या) तरी झिंक वाढून येतं, कारण ते लाल पेशींत भरपूर असतं. उलट सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) वाढलेला किंवा अल्ब्युमिन कमी असेल तर झिंक आणि सेलेनियम दोन्ही खरी कमतरता नसतानाही कमी दिसतात. ॲडमिशननंतर दहाव्या दिवशी ही तपासणी म्हणजे पैसे वाया.

काउंटर_फार्मासिस्ट:
ती बाटली बंदच करा. झिंक ५० मिग्रॅ महिनोन्महिने घेतलं की आतड्यात तांबं शोषलं जात नाही, मग ॲनिमिया होतो, पांढऱ्या पेशी उतरतात, पायांना मुंग्या येऊन तोल जायला लागतो. लघवीच्या गोळ्यांनी झिंक बाहेर जातं हे खरं, पण त्यासाठी सिद्ध झालेली कमतरता आणि ठरावीक मुदत हवी.

सेलेनियम मात्र इथे अगदीच असंबद्ध नाही. टी-४ चा टी-३ करणारं एन्झाइम सेलेनियमवरच चालतं. चीनच्या केशान भागात मातीतच सेलेनियम नव्हतं, तिथल्या मुलांना आणि बायकांना हृदयाच्या स्नायूचा आजार व्हायचा. १९३५ मध्ये तो नोंदला गेला आणि पुढे सोडियम सेलेनाइट वाटल्यावर आटोक्यात आला. युरोपातल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्येही ७० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली सेलेनियम असलेले कमी चालू शकत होते आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. पण हा संबंध दिसला एवढंच. गोळी दिल्यानं फरक पडतो हे ठरलेलं नाही. रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा ४००. ओलांडली की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो.

एक मुद्दा कुणी मांडला नाही. अमिओडॅरोन आणि ॲसिनोकूमारॉल एकत्र आहेत, त्यामुळे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) आधीच चढत असणार. त्यावर थायरॉक्सिन सुरू केलं असतं तर रक्त गोठवणारे घटक आणखी लवकर संपले असते आणि आयएनआर अजून वर गेला असता. आयएनआर दर आठवड्याला करा.

आहार_सल्ला:
सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. या पेशंटला अमिओडॅरोनमुळे आयोडीनची वाण नाही, पण तेच मीठ घरातल्या सगळ्यांच्या पानात जातं. सोडियम दोन्हींत जवळपास सारखंच. म्हणून आयोडीनचंच मीठ ठेवा, फक्त मोजून: लोणचं, पापड धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. 'लो सोडियम' मीठ मात्र या घरात नको. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन व सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन चालू असताना ४.९ चं ६ व्हायला वेळ लागत नाही.

सेलेनियमसाठी ताजा बांगडा किंवा अंडं पुरतं, एका अंड्यात साधारण १५ मायक्रोग्रॅम. सुकट, सोडे नकोत, त्यात मीठच मीठ असतं.

तालुका_ओपीडी:
लॅब_बेंच, तुमचा अंदाज बरोबर निघाला. बाटली सँपलच्या चार दिवस आधी सुरू झाली होती. ती बंद करून चौथ्या दिवशी पुन्हा केलं: टीएसएच ७.९, फ्री टी-४ १.५, टी-३ ५४. आता? आणि लोह गोळ्यांनी चालणार नाही का, सलाइन लावायला त्यांना जिल्ह्याला जावं लागेल.

हृदय_फिजिशियन:
लॅब_बेंचची शंका रास्त होती. माझं उत्तर फ्री टी-४ च्या भरवशावर होतं आणि बायोटिन माझ्या नजरेतून सुटलं. बायोटिनशिवायही तो १.५ आहे, म्हणून निर्णय तोच: थायरॉक्सिन नाही. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) एकदा करून ठेवा. पॉझिटिव्ह आली तर अमिओडॅरोनवर हायपोथायरॉइड होण्याचा (थायरॉइड कमी पडण्याचा) धोका जास्त. टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. टीएसएच दोनदा १० च्या वर किंवा फ्री टी-४ खाली आला तर १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात करा, ५० नं नाही. वाढवायचं तर सहा आठवड्यांनी. वजन अचानक उतरलं, नाडी पुन्हा अनियमित झाली किंवा आयएनआर विनाकारण चढला तर सहा महिन्यांची वाट बघू नका. अमिओडॅरोन उलट्या बाजूनं थायरॉइड वाढवतंही, आणि औषध बंद केल्यानंतरही कित्येक महिने.

गोळ्यांचा उपयोग नाही. आयर्नआउट या चाचणीत १५० मिग्रॅ दोन वेळा १६ आठवडे देऊनही चालण्याची ताकद वाढली नाही. या आजारात हेपसिडिन वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह आत घेऊ देत नाही. शिरेतून द्यायचं लोह, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिग्रॅ, २५० मिली नॉर्मल सलाइनमध्ये, किमान १५ मिनिटांत. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळू नका. नंतर अर्धा तास समोर बसवून ठेवा, ॲनाफिलॅक्सिसची (जीवघेण्या ॲलर्जीची) तयारी हाताशी हवी. ७० किलोखाली आणि एचबी १० ते १४ मध्ये असल्यानं सहाव्या आठवड्याचा डोस लागणार नाही. फेरिटिन लगेच करू नका, काही आठवडे ते फुगलेलंच येतं, बाराव्या आठवड्यात करा. हाडं दुखू लागली किंवा अशक्तपणा उलट वाढला तर फॉस्फेट तपासा, या औषधानं ते उतरतं.

जिल्ह्याची एक फेरी आहे. त्याच दिवशी तिथे इको आणि पोटॅशियमही उरकून घ्या.