नववीतल्या पोराचा एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढू का? (सोलापूरच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०४ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. घरचाच विषय आहे, पण ग्रुपवर सर आहेत म्हणून विचारते. धाकटा नववीत आहे. परवा शाळेत बोलावून घेतलं. म्हणाले, दहावीला आमचा निकाल खाली येईल, तुम्ही एलसीचा अर्ज द्या आणि बाहेरून बसवा. बाहेरून म्हणजे १७ नंबर का ते एनआयओएस? कोणी केलंय का?

सी-२०१ काका: १७ नंबर म्हणजे नापास पोरांचा फॉर्म. कशाला त्या भानगडीत पडता, चांगला क्लास लावा.

डी-४०३ अण्णा: नापास पोरांचा कसा हो काका? मी स्वतः १७ नंबरनं दहावी झालोय. आठवीनंतर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लागलो. लग्न ठरायच्या टायमाला दहावी केली. दिवसपाळी करायची आणि रात्री भूमितीची प्रमेयं पाठ. सर्टिफिकेट बोर्डाचंच आहे, पुणे विभागाचं.

सी-२०१ काका: बरं बाबा, शब्द मागे 🙏

बी-३०२ सर: वहिनी, दोन्हींत फरक आहे. १७ नंबर म्हणजे आपल्या राज्य बोर्डाचीच परीक्षा, पण खाजगी विद्यार्थी म्हणून. पुस्तकं तीच, पेपर तोच, फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांबरोबर. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मूळ एलसी जोडायचा आणि एक शाळा संपर्क केंद्र म्हणून घ्यायची. आणि पुढचं कोणी सांगत नाही: बारावी १७ नंबरनं करायची तर दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात.

एनआयओएस केंद्राचं, घरी शिकून परीक्षा द्यायचं मुक्त विद्यालय. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालं, मुख्यालय नोएडाला. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, नऊ संधी. पाच विषय एकदम द्या नाहीतर एकेक करून सोडवा. पासिंग ३३ टक्क्यांवर. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. उद्या पाणी पहाटे येणार आहे, टाक्या भरून घ्या. बी विंगनं ओव्हरफ्लोकडे लक्ष द्यावं, मागच्या वेळी पार्किंगमध्ये तळं झालं होतं.

बी-२०३ अक्का: आमच्या मुलीनं दहावी एनआयओएसमधून केली. तिला संधिवात, सकाळी बोटं वळत नसायची. रोज शाळा होणंच शक्य नव्हतं. पहिल्या वेळी दोनच विषय दिले, बाकीचे पुढे. तिथं गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. तिनं चित्रकला आणि गृहविज्ञान घेतलं.

पण वहिनी, एक सांगते. घरी शिकणं म्हणजे सुट्टी नव्हे. घंटा नाही, बाई नाहीत, शेजारची मैत्रीण नाही. स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, त्याला २० टक्के मार्क असतात, आणि तेच राहून जातात. आमच्याकडे टेबलावर वही उघडी आणि बाईसाहेब मोबाईलवर, असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी मीच रोज दुपारी समोर बसायला लागले.

ई-१०२ दादा: माझ्या ओळखीत एक जण आहे, सहा महिन्यांत दहावी, पासची गॅरंटी. नंबर देऊ का?

बी-३०२ सर: नका देऊ. पासची गॅरंटी देणारा एकतर पैसे घेऊन गायब होतो, नाहीतर भलत्याच बोर्डाचा कागद हातात ठेवतो. तो कागद अकरावीच्या प्रवेशाला चालत नाही तेव्हा कळतं. फॉर्म स्वतः भरता येतो, अवघड काही नाही.

वहिनी, हे सगळं नंतर. आधी सांगा, पोराचं अडतंय कशात?

ए-१०४ वहिनी: लिहिण्यात सर. तोंडी विचारलं तर सगळं येतं. सुट्टीत यांच्याबरोबर नवी पेठेत दुकानात बसतो. साडेतीन मीटर, एकशे ऐंशीनं? गिऱ्हाईकाच्या आधी हा ६३० म्हणून मोकळा. कॅल्क्युलेटरला हात लावत नाही. आणि पेपरात पान कोरं. लिहिलंच तर वेलांट्या उलट्यासुलट्या, मधली ओळच गायब. फळ्यावरून उतरवून घेताना निम्मं राहतं. शाळा म्हणते आळशी आहे.

बी-३०२ सर: याला आळस म्हणायला मी तयार नाही. नोकरीत अशी पोरं पाहिलीत. ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे डोकं चांगलं पण लिहिण्या-वाचण्यात अडतं, तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नावं आहेत, त्यात ही येते. सर्टिफिकेट मिळालं तर आपलंच बोर्ड सवलती देतं. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. मग शाळा सोडायचं कारणच काय? खाजगी डॉक्टरची चिठ्ठी बोर्ड धरत नाही, सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. सिव्हिलला जाऊन चौकशी करा, तिथं होत नसेल तर कुठं पाठवतात ते विचारून घ्या. आणि हे नववीतच करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ नको.

डी-४०३ अण्णा: म्हणजे एलसीचा अर्ज द्यायचा नाही?

बी-३०२ सर: आत्ता अजिबात नाही. शाळेला स्वतःहून काढता आलं असतं तर काढलं असतं की. अर्ज तुमच्याकडून मागतायत, म्हणजे पोराला तुम्हीच काढलं असं दिसावं.

सी-२०१ काका: पण सर, उद्या निकाल लागला आणि पोरगा राहिलाच तर?

बी-३०२ सर: राहिला तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय गेले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. आणि लिहिण्याचं ओझंच नको म्हणाला, तर विजापूर रोडची आयटीआय आहे, वेल्डर-वायरमनसारखे काही ट्रेड दहावी नापासलाही मिळतात. एनआयओएस केलं तरी पुढं पॉलिटेक्निक मनात असेल तर गणित-विज्ञान सोडू नका. अक्कांच्या मुलीला चित्रकला जमली, तो तिचा रस्ता. हा पोरगा हिशोबात पक्का आहे, त्याचं गणित कशाला काढून घेता?

डी-४०३ अण्णा: सर, मग आपल्या वॉचमनमामांच्या पोरीचं? दोन विषय राहिले म्हणून घरी बसवलीय. आई म्हणते, आता विड्या वळायला शिकव.

बी-३०२ सर: अहो, मग तिला अकरावीला पात्र धरतात! कोणी सांगितलंच नाही वाटतं. आज संध्याकाळी गुणपत्रिका घेऊन मामांना माझ्याकडं पाठवा. पुरवणीच्या फॉर्मची तारीख निघून जायला नको.

बी-२०३ अक्का: पुरवणीची फी मी भरते. मामांना सांगू नका कोणी.

ई-१०२ दादा: अक्का, ग्रुपवर मामांचा मुलगा पण ॲड आहे 😅

बी-२०३ अक्का: अगं बाई. मग काय, कळू दे.

ए-१०४ वहिनी: सर, उद्या सकाळी सिव्हिलला जाते. बरोबर काय नेऊ?

बी-३०२ सर: आधार, दोन फोटो, मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका. आणि त्याच्या वह्या न्या, मराठीची आणि गणिताची. कोऱ्या पानांसकट. सुवाच्य करून आणू नका.