मदत हवी आहे: युद्धातल्या काटकसरीत एवढी मोठी केळी?

मंडळी, ‘द गँग्ज ऑल हिअर’ (१९४३) हा हॉलिवूडचा संगीतपट कोणी बारकाईने पाहिलाय का? श्रीमंत घरचा पोरगा, सैन्यात, खोटं नाव सांगून नाचगाण्याच्या क्लबमधल्या मुलीच्या प्रेमात पडतो; घरच्यांच्या मनात दुसरीच आहे. शेवटी युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे) खपवायला बंगल्याच्या बागेत जंगी कार्यक्रम. कथा यथातथाच. पण ब्राझीलची गायिका-नटी कार्मेन मिरांडा हिच्या गाण्यात दिग्दर्शक बस्बी बर्कलीने नाचवलेली ती अवाढव्य केळी! युद्धामुळे अमेरिकेत तेव्हा एका चित्रपटाच्या सेटसाठी नवं सामान जेमतेम ५,००० डॉलरचं वापरता येई. मग हे जमवलं कसं? जुने सेट मोडून, की रंगवलेल्या पडद्यांवर भागवलं? वाचण्यासारखं काही असेल तर सुचवा. आमच्या फिल्म क्लबात दाखवायचाय, आणि तिथे एक काका हे हमखास विचारणार.