मदत हवी आहे: भावाच्या गोळ्या बंद करू का?

पायवाट: धाकट्या भावाला चार महिन्यांपासून मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत. कानात आवाज यायचे ते थांबले. पण आठ दिवसांत पार गळून गेलाय. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतो, उशाशी ठेवलेला तांब्या संपवून परत माठाकडे जातो. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर गोळ्या बंद करू का? लवकर सांगा.

मीरा_नर्स: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम? शुगर तपासली?

रानवाटा: मनाने बंद करू नका हो! आमच्या वहिनींनी केली, महिन्याभरात पुन्हा अ‍ॅडमिट. डॉक्टरांना सांगून अ‍ॅरिपिप्राझोल घ्या, वजन फारसं वाढत नाही.

आजीचा_बटवा: सकाळी अनशापोटी कारल्याचा रस द्या. आमच्या ह्यांची शुगर त्यानेच आटोक्यात आली.

मीरा_नर्स: ताई, ही वेळ रसाची नाही. आणि रानवाटा, गोळी बदलणं नंतरचं. आधी आकडा कळू द्या.

वसंतराव: अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंत का? मानसिक आजारालाही मिळतं, बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात.

पायवाट: काका, ते नंतर बघू. ओलान्झापिन १०, रात्री. शुगर त्याला आधीपासूनच आहे, मेटफॉर्मिन घेतो. वजन ११ किलो वाढलं होतं, आता उतरतंय.

मीरा_नर्स: अहो, हे आधी सांगायचं! ओलान्झापिन आणि क्लोझापिनने शुगर भडकू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००३ मध्येच या वर्गातल्या मानसोपचाराच्या औषधांवर तशी सूचना छापायला लावली. आधीच मधुमेह असेल तर गोळी सुरू झाल्यापासून शुगर वरचेवर बघावी लागते. शेजारी कुणाकडे मशीन आहे?

रानवाटा: आमच्या डॉक्टरांनी तर कधी शुगर बघितली नाही.

मीरा_नर्स: मग पुढच्या खेपेला तुम्हीच मागा. वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, कोलेस्टेरॉल.

पायवाट: शेजारच्या काकूंचं मशीन आणलं. आकडाच येत नाही, दोन्ही वेळा नुसतं 'एचआय' आलं. बिघडलंय का? सकाळपासून दोन उलट्या झाल्या, श्वास जोरजोरात चाललाय.

मीरा_नर्स: बिघडलेलं नाही. 'एचआय' म्हणजे शुगर मशीनच्या मापापलीकडे, बहुतेक मशीनमध्ये ६०० च्या वर. सोमवारची वाट बघू नका, आत्ता कॅज्युअल्टीत न्या. १०८ ला फोन करा. कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, तपासायला सांगा. ओलान्झापिनचं काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.

पायवाट: रिक्षा दारात आलीय. निघतोय.

मीरा_नर्स: केसपेपर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.