पैठणीच्या कॅटलॉगसाठी बोडोनीच्या तोडीचा देवनागरी फॉन्ट कोणता?

प्रश्न (पैठण)
एका विणकर कुटुंबासाठी सोळा पानी कॅटलॉग करीत आहे. इंग्रजी शीर्षके बोडोनी या रोमन अक्षरशैलीत बसवली आहेत. तिचे जाड उभे दांडे आणि केसासारख्या आडव्या रेषा पदरावरच्या जरीशेजारी शोभून दिसतात. मात्र खाली मराठी शीर्षक आले की तेच पान निविदेच्या जाहिरातीसारखे वाटू लागते. असा डौल असलेला देवनागरी फॉन्ट कोणी सुचवील का, की आहे त्याच फॉन्टच्या आडव्या रेषा बारीक करून घ्याव्यात?

उत्तर १ (लातूर)
रेषा कृपया बारीक करू नका. इटलीतल्या पार्म्याच्या बोडोनी आणि पॅरिसच्या दिदो या मुद्रकांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जी अक्षरे घडवली, त्यांत उभे जाड आणि आडवे बारीक हा रोमन लिपीला मानवणारा हिशेब आहे. आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट्या बाजूला तिरका छाटलेला असल्यामुळे वरून डावीकडे उतरणारी रेषा भरते, उजवीकडे उतरणारी निमुळती होते, आणि उभा दंड व शिरोरेषा जवळपास सारख्याच जाडीच्या राहतात. ‘र’ बोरूने काढून पाहा: पोट भरलेले येते आणि गाठीखालचा पाय बारीक होत जातो. देवनागरीतला डौल या तिरक्या चालीत आहे. नुसती शिरोरेषा तासली तर शब्दाचा आधारच जातो.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)
वरील मताशी सहमत आहे, तरीही तयार फॉन्ट हवाच असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ पाहावा. तो २०१४ चा असून मोफत मिळतो, त्यातली जाडी-बारीकी फार ठळक आहे आणि रोमन अक्षरेही त्यातच असल्याने दोन्ही शीर्षके एका घरातली वाटतात. निवड पक्की करण्यापूर्वी ‘निऱ्या’ हा शब्द टाइप करून पाहावा, कारण साडीच्या कॅटलॉगमध्ये तो येणारच आणि कोणत्याही फॉन्टची परीक्षा त्या अर्ध्या ‘ऱ’ वर होते. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवावी, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात.
असा फॉन्ट शीर्षकापुरताच ठेवावा. गेल्या दिवाळीत हिमरू शालींच्या पत्रकावर मी गडद जांभळ्या रंगात १४ पॉइंटची पांढरी अक्षरे सोडली होती. छपाईच्या चारही रंगांची शाई अक्षरांत किंचित पसरली आणि ‘शाल’मधल्या ‘श’ची गाठ बुजून गेली. चूक माझीच होती, कारण प्रूफ मी फक्त पडद्यावर पाहिले होते.

उत्तर ३ (नांदेड)
एक वेगळा मार्ग सुचवतो. मुखपृष्ठावर ‘पैठणी’ एवढी तीनच अक्षरे असतील तर ती एखाद्या सुलेखनकाराकडून बोरूने लिहून घ्यावीत. तसेच इंग्रजी शीर्षक मराठीहून लहान ठेवावे. सध्या बोडोनी वरचढ आहे म्हणूनच मराठी तिच्यापुढे ओशाळलेली दिसते.

प्रश्नकर्ता (पैठण)
सर्वांचे आभार. मुखपृष्ठ बोरूने लिहून घेतो. आतील शीर्षके ‘रोझा वन’मध्ये ३६ पॉइंटच्या वर आणि पांढऱ्या कागदावर एकाच काळ्या शाईत ठेवून आधी एका पानाचे छापील प्रूफ काढतो.