जावा-येझदी दिनाला पाहुणे येतायत, पावसात सोय कशी करावी?

प्रश्न (सातारा):
जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदी या जुन्या मोटरसायकलींचा दिवस, यंदा यजमान आम्ही. शनिवारीच पुण्या-कोल्हापूरहून तीसेक गाड्या येतील. कार्यालय ठरलंय, पिठलं-भाकरी आमच्याच घरांतून येणार. रविवारी सकाळी यवतेश्वर घाटाने कासला न्यायचं मनात आहे. त्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, तरी लोक या गाड्या जिवापाड जपतात. वडिलांची येझदी मीही तशीच जपतोय. एकही पाहुणा अडकून पडू नये, एवढंच वाटतं.

उत्तर (कोल्हापूर):
जुलैत त्या घाटात धुकं असतं. जुन्या जावाचा सहा व्होल्टचा दिवा तिथे पुरत नाही. चांगल्या दिव्याची एक गाडी पुढे ठेवा, एक सगळ्यात मागे. आणि अंगणात चिखल असेल तर स्टँडखाली द्यायला फळीचे तुकडे लागतील. मागे एकदा आमच्याकडे रात्रीत तीन गाड्या आडव्या झाल्या होत्या, फार वाईट वाटलं.

उत्तर (पुणे):
टू-टी ऑइल, म्हणजे या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, आधीच आणून ठेवा, पंपावर मिळेलच असं नाही. प्लग, क्लच केबल, इग्निशनचे पॉइंट साफ करायला पॉलिश पेपर. ओले रेनकोट वाळवायला दोरीही बांधा दादा, ती कुणालाच आठवत नाही.

प्रश्नकर्ता:
दोरी खरंच सुचली नव्हती. फळ्या वखारीतून आणतो. धुकं दाट असेल तर कास रद्द. कार्यालयातच गाड्या उघडून बसू, सोबत कंदी पेढे.