हातात वीस आहेत म्हणून इन्शुरन्स घ्यायचा?

रावपुरेकर:
काल इथे एका काकांनी लिहिलं, ब्लॅकजॅकमध्ये (एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) डीलरचा एक्का उघडा असला की "हात चांगला असेल तर इन्शुरन्स घ्यावा, फुसका असेल तर जाऊ द्यावा." त्याखाली दहा-बारा जणांनी माना डोलावल्या. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

इन्शुरन्स तुमच्या हाताचा नसतोच. ती मूळ पैजेच्या निम्म्या रकमेची निराळी पैज आहे: डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा आहे का, म्हणजे एक्का नि दहा मिळून त्याचा ब्लॅकजॅक झाला का? असेल तर लावलेल्याच्या दुप्पट नफा, नसेल तर गेले. तीनांत एकदा दहाचा निघाला तर कुठे बरोबरी होते. एका कॅटात दश्शी, गुलाम, राणी, राजा मिळून १६ पत्ते. डीलरचा एक्का वगळला की ५१ मध्ये १६, म्हणजे ३१.४ टक्के. इथेच कमी पडलं. आता तुमच्या हातात दोन राजे आले. झाला "चांगला हात"! उरले ४९ मध्ये १४. शंभराच्या इन्शुरन्सवर सरासरी चौदा रुपये तोटा. हातात पंजी-छक्की असती तर ४९ मध्ये १६ उरले असते आणि तोटा दोनच रुपये. म्हणजे सल्ला नेमका उलटा निघाला.

गेलेले पत्ते मोजणाऱ्यानं फक्त काउंट बघायचा. हाय-लो मोजणी (दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, दहाचा पत्ता किंवा एक्का गेला की उणे एक), सहा कॅट, ट्रू काउंट (ती बेरीज भागिले उरलेले कॅट) +३ झाला की घ्या. हातात बारा असोत की वीस. दोन कॅट असतील तर साधारण +२.४, एकच असेल तर +१.४.

दांडियाबाजारचे काका:
तो काका मीच. तू आकडे मांडतोस, मी पैसे मांडलेत. मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत (आपली वडोदऱ्याची दरवाज्याची मांडवी नव्हे, पणजीची नदी) पाच हजार लावले होते. हातात दोन राण्या, समोर एक्का. इन्शुरन्स नाही घेतला. डीलरनं पत्ता उलटला, राजा. तुझ्या काकू शेजारी उभ्या होत्या. ती रात्र आणि मडगावहून परतीचा अख्खा प्रवास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून वीस आले की घेतो.

रावपुरेकर:
काका, मान राखून सांगतो, एका राजाच्या आठवणीवर नियम बसवता येत नाही. त्यानंतर किती वेळा घेतलात आणि राजा आला नाही, त्याची नोंद ठेवलीत का?

काका:
नोंदी ठेवायला मी मुनीम नाही.

सेव_उसळ:
आणि "ईव्हन मनी" घ्यावा की नाही? आपला ब्लॅकजॅक, समोर एक्का, डीलर म्हणतो आत्ताच बरोबरीचे पैसे घ्या. मी दर वेळी घेतो. हातचं कशाला सोडायचं?

रावपुरेकर:
तोही इन्शुरन्सच, फक्त नाव बदललेलं. सहा कॅटांच्या ताज्या शूमध्ये (पत्ते वाटायच्या पेटीत) नकार दिलात तर हजाराच्या पैजेवर सरासरी १०३९ मिळतात. घेतलात तर हजार. दर वेळी ३९ रुपये टेबलावर सोडून उठता.

मांजलपूरची ताई:
मला पत्त्यांतलं कळत नाही, पण "इन्शुरन्स" शब्द वाचला की पोटात खड्डा पडतो. २०२२ मध्ये बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसीला सहा वर्षं झाली होती, एकही हप्ता चुकला नव्हता. कंपनीनं क्लेम फेटाळला. कारण काय, मधुमेह आधीपासून होता आणि आम्ही सांगितला नाही. बाबांनाच तो माहीत नव्हता हो! भावानं सोनं मोडलं. इन्शुरन्स ही पैजच असते आणि कॅट त्यांच्याच हातात असतो.

अलकापुरीचा एजंट:
ताई, वाईट वाटलं, पण सरसकट आरोप नको. बावीस वर्षं हे काम करतोय, माझ्या कितीतरी लोकांचे क्लेम पास झालेत. नियमही बदलले. आधी पॉलिसी आठ वर्षं चालली की मग कंपनीला जुन्या आजाराचं कारण काढता येत नसे. २०२४ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आली. सिद्ध झालेली फसवणूक असेल तरच अडवता येतं. आणि जुगाराशी तुलना करू नका. जुगारी स्वतःहून संकट विकत घेतो, आजार कुणी विकत घेत नाही.

ताई:
पाच वर्षांचा नियम आमच्या वेळी असता तर सोनं राहिलं असतं. हे मला आज कळतंय. तेव्हा आमच्या एजंटनं फोनही उचलला नव्हता.

एजंट:
तो एजंट मी नव्हतो. पण फोन उचलायला हवा होता, हे मान्य.

रावपुरेकर:
मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला! एजंटसाहेबांचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. आरोग्य विमा सरासरीत तोट्याचा असला तरी घ्यावा, कारण ऑपरेशन घर बुडवतं. पाच हजारांनी काका बुडत नाहीत.

काका:
तुला काय माहीत मी किती घेऊन गेलो होतो?

स्टॅटवाला:
युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकलोय, म्हणून बोलतो. काकांचा हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. काउंट तीनच्या जेमतेम खाली आहे, पैज पुंजीच्या मानानं मोठी आणि हातात वीस. डीलरचा ब्लॅकजॅक निघाला तर मूळ पैज जाते, ती इन्शुरन्स भरून काढतो. नाही निघाला तर वीस बहुधा जिंकतात. चढउतार कमी होतात. हातात सोळा असतील तर ब्लॅकजॅक नसला तरी बहुधा दोन्ही पैसे एकदम जातात. म्हणून सीमेवर असताना चांगल्या हाताला किंचित तोटा सोसूनही इन्शुरन्स घेण्यात शहाणपण आहे. पण सीमेवरच. काउंट शून्य असताना अजिबात नाही.

आणि एक्क्यांचं कुणीच काढलं नाही. हाय-लोमध्ये एक्का दहाच्या पत्त्यांसारखा उणे एक धरतात, पण इन्शुरन्सपुरता तो दुर्री-तिर्रीच्याच पंगतीतला. एक्के जास्त शिल्लक असतील तर +३ फसवतो. एडवर्ड थॉर्प यांची १९६२ सालची दहाच्या पत्त्यांची मोजणी या एका निर्णयाला जास्त चोख आहे: बाकीचे पत्ते दहाच्यांच्या दुपटीहून कमी उरले की घ्या. आणि जिथे पत्ते सतत पिसणारं यंत्र बसवलंय, तिथे ही सगळी चर्चाच फुकट.

रावपुरेकर:
ठीक. "हातात बारा असोत की वीस" हे माझं वाक्य सीमेपुरतं मागे घेतो. अडीच ते तीनच्या मधे, मोठ्या पैजेवर, वीस असतील तर. त्यापलीकडे एक पाऊलही नाही. काका, त्या रात्री काउंट किती होता?

काका:
मी कुठे मोजत होतो? बरं, तुमचं सीमेचं कळलं. पण मला डोळ्यांनी बघायचंय. सातमला (श्रावण वद्य सप्तमीला) आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, तीन पत्तीचा फड असतो, यंदा तुमचा खेळ लावू. पैसे नाहीत, चिंचोके. शंभर हात.

रावपुरेकर:
शंभर हातांत डीलरचा एक्का जेमतेम सात-आठ वेळा दिसेल, त्यातून काहीच ठरणार नाही. किमान दोन हजार हात हवेत.

काका:
मग सातम आणि आठम दोन्ही दिवस ये. चहा माझा.

रावपुरेकर:
येतो. सहा कॅट काढून ठेवा, जोकर बाजूला करून. नोंदी मी ठेवीन.