१८९६ चा मुंबईचा प्लेग: बंदर बंद ठेवून थांबला असता का?

गोदीकर

परवाच्या एका लेखात ठासून लिहिलंय की इंग्रजांनी हाँगकाँगच्या बोटी दहा दिवस समुद्रातच उभ्या केल्या असत्या तर मुंबईत प्लेग आलाच नसता, व्यापाराच्या हव्यासापायी बंदर उघडं ठेवलं आणि शहर मेलं. खाली सगळी वाहवा. एकानंही विचारलं नाही की बोट उभी करून नेमकं काय अडवायचं होतं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

गाठीचा प्लेग अंगात शिरल्यापासून ताप चढायला साधारण दोन ते सहा दिवस लागतात. म्हणजे दहा दिवसांत आजारी खलाशी किंवा उतारू उघडा पडतो, इथपर्यंत मान्य. पण बोटीच्या तळात गोण्या असतात, गोण्यांत उंदीर आणि उंदरावर पिसवा. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. ते मिळालं नाही तर गोणपाटात आणि भुशात कित्येक दिवस उपाशी तग धरतात. बोट दहा दिवस नांगरून ठेवा नाहीतर वीस, तळातला हा कारभार चालूच राहतो. मग बोट धक्क्याला लागते, दोर बांधला जातो आणि उंदीर त्या दोरावरून उतरतो. प्रिन्सेस डॉकला लागून मांडवी, आणि मांडवीत धान्याची गोदामं. आणखी काय पाहिजे?

शिवाय हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? येर्सिन या शास्त्रज्ञानं प्लेगचा जंतू शोधला १८९४ मध्ये, हाँगकाँगला. पिसवांचा दुवा सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवला १८९८ मध्ये, कराचीत, आणि तोही बरीच वर्षं कोणी मनावर घेतला नाही. बोटीवरचे उंदीर मारण्याची गोष्ट आंतरराष्ट्रीय करारात आली ती १९०३ साली, पॅरिसला. गंधकाचा धूर तळात कोंडणं, दोरांवर पत्र्याच्या चकत्या बसवणं, हे सगळं त्यानंतर रुळलं. १८९६ च्या क्वारंटाइननं माणसं अडली असती. प्लेग अडला नसता.

चुनाभट्टी

गोदीकर, शास्त्र बरोबर आहे, पण तुम्ही सरकारला फार स्वस्तात सोडताय. आत येणाऱ्या बोटींचं जाऊ द्या. बाहेर जाणाऱ्यांचं काय? डॉ. व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर १८९६ ला महापालिकेच्या स्थायी समितीत प्लेग असल्याचं सांगितलं. साथरोग कायदा झाला ४ फेब्रुवारी १८९७ ला. मधल्या साडेचार महिन्यांत लोक आगगाडीनं आणि बोटीनं शहर सोडत होते. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कराचीला प्लेग डिसेंबरातच पोचला होता, पुण्यालाही पोचला.

आणि कायदा आला तो कशामुळे? त्याच महिन्यात व्हेनिसला आरोग्य परिषद भरत होती आणि युरोप हिंदुस्थानचा माल अडवायच्या बेतात होता. म्हणून घाई. कायद्यात बंदरातून सुटणाऱ्या बोटी तपासायची सोय, आगगाडीचे उतारू तपासायची सोय, हुकूम मोडला तर दंड संहितेचं १८८ कलम, आणि अंमलदारावर दावा लावता येणार नाही अशी तरतूद. सगळा मिळून चार कलमांचा कायदा, आणि त्यातलं एक अख्खं कलम अंमलदाराला वाचवण्यासाठी! कल्याणला फलाटावर बायकांच्या काखा-जांघा चाचपल्या गेल्या. तुमची पिसू त्याला जबाबदार नाही.

अपरांत

व्हिएगस यांचं नाव निघालं म्हणून बोलतो. प्लेग म्हटलं की शाळेच्या पुस्तकात रँड, चापेकर आणि हाफकिन. मांडवीत घरोघरी जाऊन रोग ओळखणारा मूळचा हडफड्याचा गोवेकर डॉक्टर कुठेच नाही. मेट्रो सिनेमासमोर पुतळा उभा आहे, समोरून रोज हजारो लोक जातात, कोणाला पत्ता नाही. त्यांनी निदान केलं तेव्हा त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न झाला, कारण प्लेग म्हटलं की बंदराची पत गेली. नंतरही कितीतरी मृत्यू साध्या 'तापा'खालीच नोंदले गेले. आधी हे लिहा, मग बोटींचं बोला.

निर्जंतुक

अपरांत, मान्य, पण तो वेगळा धागा होईल. मला इथे घरांच्या सफाईबद्दल कोणीच कसं बोलत नाही याचं आश्चर्य वाटतंय. खरा पैसा आणि मनुष्यबळ तिथे गेलं. बंबाच्या नळीनं घरात पाणी, मग रसकापूर (पाऱ्याचं जंतुनाशक) हजारात एक या प्रमाणात, मग चुना. कौलं काढून उजेड आत सोडायचा, राहण्यास नालायक घरावर 'यू. एच. एच.' (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ही अक्षरं रंगवायची, रोगी सापडला की दारावर लाल वर्तुळ आणि तारीख.

आता रसकापराची अडचण पाहा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो ओतला की शेणातल्या सेंद्रिय पदार्थाशी त्याचा संयोग होतो आणि जंतू मारायला फारसं काही उरत नाही. लोखंडी बादलीत कालवला तर धातूच खातो, म्हणून लाकडी नाहीतर मातीचं भांडं लागतं. हजारात एक हे प्रमाण कागदावर राहतं, जमिनीवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं कोणी मोजलं?

पाठारे

गटारं विसरलात. खाऱ्या पाण्यात कार्बोलिक हे जंतुनाशक मिसळून रात्रंदिवस गटारं धुतली. त्यामुळे गटारातले उंदीर घराघरांत घुसले. प्लेग पसरवला तो याच सफाईनं! जुन्या मुंबईत हे सर्वांना माहीत होतं.

निर्जंतुक

सर्वांना माहीत होतं हा पुरावा नाही, पाठारे. घरात माणसाशेजारी राहतो तो काळा उंदीर, माळ्यावर आणि कौलांत. गटारात राहतो तो मोठा करडा उंदीर. काळा उंदीर गटारं धुण्याआधीपासून घरातच होता, त्याला कोणी हाकलायची गरज नव्हती.

पाठारे

मग करड्या उंदराचा प्लेगशी संबंधच नाही म्हणता? १९०५ नंतरच्या प्लेग कमिशनचे मुंबईचे आकडे काढा. आधी करडे उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी काळे आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसं. साथ गटारातूनच घरात चढते. पुस्तकी शेरेबाजी करण्याआधी हे बघायचं.

निर्जंतुक

तो क्रम बरोबर आहे, नाकारत नाही. पण तो दरवर्षी दिसत होता, गटारं धुवोत न धुवोत. धुतल्यानं एखाद्या गल्लीत उंदीर हलले असतील. साथ त्यानं पेटली हे त्यातून निघत नाही.

आणि कमिशनचंच काढलंत तर पूर्ण काढा. उंदीर मेल्यावर पिसू सुमारे तीन दिवस उपाशी राहते, मग माणसाला चावते. ताप यायला तीन दिवस, मृत्यूपर्यंत पाच-साडेपाच. मिळून अकरा-बारा दिवस होतात, तुमच्या दहा-चौदात चपखल बसतात. प्लेगच्या खोलीत त्यांनी गिनीपिग ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले मेले. दोन फूट वर टांगलेले वाचले. पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंद चिकट कागद लावला तरी वाचले, कारण पिसू चार-पाच इंचांपलीकडे उडी मारत नाही. रसकापरानं धुतलेल्या खोल्यांत मोकळे सोडलेले गिनीपिगही प्लेगनं मेले. म्हणजे जमीन धुतली, पिसू राहिली. पिसू मरते रॉकेल-साबणाच्या मिश्रणानं किंवा कडक उन्हात. अंथरूण उन्हात टाकणं हे रसकापरापेक्षा कामाचं होतं.

गावाकडे उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या टाकून राहायचे. तेच खरं क्वारंटाइन, आणि त्याला सोजीर (गोरे शिपाई) लागले नाहीत.

खलाशी

सगळे उंदरांवर घसरलात. बंदराचा प्रश्न होता ना? मग हाजींचं कोणीच का काढत नाही? १८९७ साली मुंबई आणि कराचीहून हजला जाणंच बंद केलं. युरोपला दाखवायला सगळ्यात सोपा बळी. एरवी मुंबईहून निघालेल्या बोटीला तांबड्या समुद्रात कामरान बेटावर थांबावं लागायचं. १८८२ पासून तुर्कांचं ठाणं तिथे. माणसं उतरवायची, कपडे वाफेच्या यंत्रात घालायचे, दिवस मोजत झोपड्यांत ठेवायचं आणि त्याची फी त्याच गरीब हाजींकडून घ्यायची. मध्येच कोणी आजारी पडला की दिवस वाढले. मालबोट मात्र सुएझ कालव्यातून पुढे जायची, कारण युरोपला कापूस हवा होता. गोदीकर म्हणतात क्वारंटाइननं माणसं अडली असती. अडलीच की! कोण अडलं ते बघा.

चुनाभट्टी

हेच मी म्हणत होतो. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका आजारी मुलीवरून दंगल झाली. दोन्ही वेळा कारण एकच, माणूस जबरदस्तीनं उचलून नेणं. जिथे जातीजमातींना स्वतःची इस्पितळं काढू दिली तिथे रोगी आपणहून आले. प्लेग समितीचे प्रमुख जनरल गेटेकर यांना ते १८९७ मध्ये उमजलं, मग सप्टेंबर ९६ मध्ये महापालिकेला का उमजू नये? आत येणाऱ्या बोटींबाबत तुमचं म्हणणं घ्या, मी भांडत नाही. बाकीच्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

गोदीकर

बाकीच्याचा बचाव मी केलेलाच नाही, धागा पुन्हा वाचा. उलट इस्पितळांचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. रोग्याची सेवा करणाऱ्यांना गाठीचा प्लेग क्वचितच व्हायचा, हे तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षीच पाहिलं होतं. तरीही घरच्यांना उचलून छावणीत टाकणं चालू राहिलं. इथे मात्र अज्ञानाची सबब चालत नाही, हे तुमचं मान्य. १८९१ ची ८,२१,७६४ वस्ती १९०१ ला ७,७६,००६ वर आली, ती काही बोटी उभ्या न केल्यामुळे नाही.

खलाशी, कामरानचा मुद्दा रास्त आहे. तिथे कपडे वाफवले म्हणजे त्यांतल्या पिसवा मरत असणार, त्या काळच्या उपायांत तेवढाच खरा उपयोगाचा. पण बोटीचा तळ कोणी वाफवत नव्हतं.

खलाशी

तळ नाही, आणि फीही परत नाही. हाजींच्या फीवर वेगळा धागा काढतो, तिथे या.